गरम पाण्यातला पाहुणा

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुला नमस्कार, तुझ्या आईच्या गुडघ्यांना नमस्कार, टिल्लूच्या गालाला चिमटा. इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

परवा तिने दोन्ही तळहात माझ्या छातीवर टेकवले आणि मला मागे ढकललं. त्या क्षणी सगळं बदललं.

ती म्हणजे कोण, हे तुला फोनवर सांगितलं होतं. मी म्हणालो, "एक मुलगी आहे," आणि तू लगेच म्हणालीस, "बिचारी!" म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर मी भडकतो आणि तू फोन ठेवून देतेस. पत्रही ठेवून देता येतं म्हणा, पण ते परत उचलून वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही, हे मला माहीत आहे.

तिला सगळे फुंकर म्हणतात. कारखान्याच्या कँटीनमधला चहा गारढोण असतो, तरी ती कपावर फुंकर मारूनच पिते. कपाळावर केस आले की खालचा ओठ पुढे काढून फुंकरीने उडवते, कारण हात कायम ओले. ड्रायरच्या सफाईत आहे ती. आणि मी तिच्या व्हॉल्व्हवर.

थांब, तुला कारखान्यातलं नीट सांगायला हवं. दादाने तुला त्याचं काम कधी धड सांगितलंय? पण त्याची सुरुवात तुझ्याच हातून झाली आहे. लग्नानंतर तुम्ही दोघं पहिल्यांदा फिरायला गेलात तेव्हा हा माणूस उकळत्या झऱ्याच्या काठावर बाटल्या भरत बसला होता, आणि तू एक बाटली रुमालात धरून उभी राहिलीस नि बोट भाजून घेतलंस. तो डाग अजून आहे ना? त्या बाटलीतला जंतू आज आमचं सगळ्यांचं पोट भरतो.

ज्या पाण्यात हात घातला तर कातडी सोलून निघेल, त्यात तो मजेत जगतो. पण टाकीत वाढवायला महाहट्टी. म्हणून दादाने त्याचं एन्झाइम बनवणारं जनुक तेवढं कापून घेतलं आणि कारखान्यातल्या साध्या, माणसाळलेल्या जंतूत बसवलं. हा साधा जंतू बिचारा साखरेच्या पाण्यावर टाकीभर वाढतो आणि परक्याचं एन्झाइम आपलंच समजून बनवत बसतो. टाकी भरली की ती तापवायची. साध्याचं जे काही असतं ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठून खाली बसतं. झऱ्यातल्याचं एन्झाइम तेवढं शाबूत राहतं, कारण उकाडा म्हणजे त्याचं घरच. मग ते गाळायचं, ड्रायरमध्ये फवारून त्याची पावडर करायची आणि धुण्याची पावडर बनवणाऱ्यांना विकायची. कितीही गरम पाण्यात कपडे टाका, डाग खातं. कारखान्यात त्याला कुणी एन्झाइम म्हणत नाही. पाहुणा म्हणतात. टाकी तापली की आमचा मुकादम दोन्ही हात वर करून ओरडतो, "यजमान गेला, पाहुणा राहिला!" त्याचा आवाज असा की आम्ही त्याला सायरन म्हणतो.

तर ड्रायर. दोन मजली उंच स्टीलचं पोट समज. एक घाणा निघाला की बाजूच्या छोट्या दारातून फुंकर आत शिरते, हातात गरम पाण्याचा पाइप, तोंडाला फडकं. भिंतींना चिकटलेली पावडर धुऊन काढायची. गरम पाण्याने धुवायची पद्धत माझ्या आधीची, पाहुण्याच्याही आधीची. मी बाहेर व्हॉल्व्हवर, वाफ सोडून ते पाणी तापवायला. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही, म्हणून ठोके. पाइपच्या तोंडाने भिंतीवर एक ठोका म्हणजे सोड. दोन म्हणजे बंद. तीन ठोके कुठल्याच नियमात नाहीत, ते तिने काढले. तीन म्हणजे "गाढवा!"

ती सकाळी कुडकुडत यायची, म्हणून मी तिच्यासाठी वाफ जरा जास्त सोडायचो. दारातून ढगच्या ढग यायचे, आणि त्या ढगातून ती लालबुंद तोंडाने खोकत, हसत बाहेर पडायची. "माणूस उकडायचाय की भांडं धुवायचंय?" मी म्हणायचो, "तू उकडलीस तरी मला चालेल, मीठ घालून खाईन." अशा गोष्टींवर आमचं जमलं, वहिनी. कॉलेजात दीड वर्षात एका मुलीशी मला सरळ दोन वाक्यं बोलता आली नाहीत, आणि इथे मी पाण्याच्या नळापाशी उभा राहून कवी झालो.

मग ती आठवडाभर आली नाही. सर्दी झालीय म्हणे. परवा शिफ्ट सुटली तसा मी कपडेही न बदलता तिच्या घरी गेलो. तिसरा मजला. जिन्यातच भेटली, पाण्याची कळशी घेऊन वर चालली होती. वाटेत दोनदा थांबली, हे मी खालून पाहिलं. मी कळशी घेतली, वर नेऊन ठेवली आणि वळून सरळ विचारलं. लग्नाचंच. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. वहिनी, तेवढं मी आयुष्यभर पुरवून खाल्लं असतं. मी तिला जवळ घेतलं, घट्ट. आणि थोड्या वेळाने तिने ढकललं. नुसतं बाजूला केलं नाही, ढकललं. तोंड उघडं, डोळे मोठे, शब्द एक नाही.

"नाही म्हणायचं तर तोंडाने म्हण ना!" मी ओरडलो. तिच्यासाठी आणलेला बिस्किटांचा पुडा भिंतीवर आपटला आणि पायऱ्या दणाणत खाली आलो. वरून शिट्टीसारखा आवाज येत होता. ती हसत होती.

मला तिचं तोंडही बघायचं नाही. आणि तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. तू काय ते सांग. दादाला सांगू नकोस, तो म्हणेल, कॉलेज अर्धवट, नोकरी अर्धवट, आता हेही अर्धवट.

टिल्लूचा खोकला कसा आहे? तुझ्या माहेरची हवा त्याला मानवली म्हणतेस, बरं झालं.

तुझा,
भडकू


सोमवार, १६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. टिल्लू झाडावर चढतो, दिवसभर पळतो आणि एकदाही खोकत नाही, हे दोनदा वाचलं. तुझ्या आईला आता काठीशिवाय चालता येतं, हेही वाचलं. आणि खाली तुझी ती ओळ: "हसणारी मुलगी दोन्ही हातांनी ढकलत नसते रे मूर्खा. जा आणि बघून ये."

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. सायरनने सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला. ती हसत नव्हती, वहिनी. ती श्वास घेत होती. म्हणजे घ्यायला बघत होती. मी खाली रस्त्यावर पोचून डबा लाथाडत होतो तेव्हा ती वर जिन्यात भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या शिंपीणबाईंनी पाहिलं म्हणून वाचली.

दवाखान्यात गेलो. पुन्हा थेट कारखान्यातून. दुसरं कसं जाणार, डोकंच चालत नव्हतं. ती उशांना टेकून बसली होती. डॉक्टरीण तिच्या तोंडात एक नळी देऊन म्हणत होती, "जोरात फुंक मार. आणखी जोरात." नळीवर एक काटा असतो, तो पुढे सरकायला हवा. फुंकर गाल फुगवत होती, गळ्याच्या शिरा ताठ, आणि काटा जागच्या जागी थरथरत होता. तिने मला पाहिलं आणि हसली. मी दोन पावलं पुढे गेलो. पलंगापाशी वाकलो. आणि ती शिट्टी पुन्हा सुरू झाली.

नर्सने माझी बाहीच धरली. "कुठून आलात? कारखान्यातून? आधी बाहेर व्हा!"

बाहेर डॉक्टरीणबाई आल्या. माझ्याएवढ्या मुलाला समजेल असं बोलल्या. काही माणसांचं शरीर या एन्झाइमच्या धुळीला शत्रू मानायला लागतं. रोज रोज नाकात जाऊन जाऊन. एकदा मानलं की मानलं. मग ढीगभर लागत नाही, चिमूटभरही लागत नाही. "तुमच्या शर्टावर आत्ता जेवढं आहे ना, तेवढं तिला पुरेसं आहे."

"हे बरं कधी होतं?"

"लांब राहिली तर श्वास सुधारेल. शरीर विसरेल असं मी सांगत नाही. आणि पुढचा झटका कसा येईल, तेही सांगत नाही." मग त्यांनी विचारलं, "आत नक्की काय करायची ती? धूळ झाडायची?"

मी सांगितलं, झाडायची नाही, धुवायची. गरम पाण्याने. त्यांनी मान हलवली, जणू हे बरंच म्हणायचं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं, आणि जेवायला बसल्यावर मी दादाला विचारलं. मी काही शहाणा म्हणून विचारलं नाही. सहज. "दादा, गरम पाण्याने पाहुणा मरतो का रे?"

त्याचा घास तोंडाशीच थांबला.

"जुनी पावडर मरायची," तो म्हणाला. "साधं एन्झाइम होतं ते. उकळतं पाणी पडलं की संपलं. म्हणून तर ती पद्धत पडली."

"आणि पाहुणा?"

"पाहुणा..." म्हणाला आणि उठला. ताट तसंच. नळाखाली हात धुतले, खूप वेळ धुतले.

मीच मग बसून जुळवलं. जो उकळत्या झऱ्यात जगतो त्याच्यावर आम्ही गरम पाणी मारत होतो. त्याला मारायला नाही, त्याची झोप उडवायला. आणि वाफेवर बसवून तिच्या नाकात पाठवायला. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे की पाहुणा उष्णतेने मरत नाही. आमच्या पोत्यांवर ते मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. पण पोत्यावरचं सफाईच्या नियमाशी कुणी लावून पाहिलं नाही. सफाई म्हणजे गरम पाणी. कायमचं.

आणि वाफ जास्त कोण सोडायचा, ते तुला मागच्या पत्रात मी हौसेने लिहिलं आहे.

आणखी एक लिहायचं होतं. राहू दे. आधी खात्री करून घेतो. तू शनिवारी यायचं म्हणतेस, पण घाई कशाला? आईच्या गुडघ्यांना अजून थोडा आराम दे. टिल्लूला झाडावर चढू दे. इथे चढायला काय आहे, लोखंडी जिना.

तुझा,
भडकू


गुरुवार, १९ फेब्रुवारी, सकाळ

वहिनी,

काल तू फोनवर म्हणालीस, "आईचे गुडघे, आईचे गुडघे करतोयस, ती काल बाजारात जाऊन आली. काय लपवतोयस?" मी फोन ठेवला. पहिल्यांदाच मी ठेवला. आता लिहितो. दादा लवकर गेलाय, घरात मी एकटा आहे, अकरा वाजता मला कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या कचेरीत पोचायचं आहे. कामगार सुरक्षेचे अधिकारी येणार आहेत. दवाखान्यातून त्यांना कळवलं गेलं. ज्यांनी ज्यांनी तिच्याबरोबर काम केलं त्यांची जबानी घेणार. व्हॉल्व्हवर मीच असायचो, म्हणून मला सगळ्यात आधी बोलावलं आहे.

मंगळवारी मी व्हॉल्व्ह सोडायला नकार दिला. ड्रायरच्या दारात एक नवीन मुलगी उभी होती, तोंडाला तेच फडकं, हातात तोच पाइप. फुंकरच्या जागी घेतलेली. तिने आत जाऊन एक ठोका दिला. मी हात मागे घेतले. दुसरा ठोका. मी उभाच. सायरन आला. "का रे, हात मोडले का?" मी म्हणालो, गार पाणी लावा. गार पाण्यानेही तो मरत नाही, पण निदान उडत तरी नाही. तो म्हणाला, "गार पाण्याने दुप्पट वेळ लागतो, पुढचा घाणा तुझा बाप थांबवणार का?" त्याला माहीत नाही असं नाही. पण वरून सांगितल्याशिवाय तो पाण्याचं साधं तापमान बदलणार नाही. त्याने स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. आतून खोकण्याचा आवाज आला. तो ऐकून मी तिथून निघालो, आणि एरवी मी कुणाची तरी कॉलर धरली असती, पण त्या दिवशी नुसता चालत घरी आलो.

संध्याकाळी दादा आला. दाराबाहेरच त्याने शर्ट काढला, पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. मग आत. हे तो बरेच दिवस करतोय. तुम्ही गेल्यापासून, असं मी समजत होतो. मंगळवारी आठवलं की नाही, तुम्ही जायच्या थोडं आधीपासून. तू त्याला हसलीसही होतीस, "काय हा साहेबी थाट, कपडे दारातच."

त्याने मला समोर बसवलं. आवाज अगदी मऊ. टिल्लूला औषध पाजताना काढतो तसा.

"गुरुवारी तुला विचारतील. तू एवढंच सांग की ती फडकं काढायची. गरम व्हायचं म्हणून काढायची. तू पाहिलंयस."

"मी नाही पाहिलं."

"कधीतरी काढलंच असेल ना."

"फडक्याने काय होतं दादा? ओलं झालं की ते पाण्याचंच होतं."

"ऐक. कारखाना बंद पडला तर दीडशे माणसं घरी बसतील. तूही. आणि तिला पैसे मिळतील, मी बोलतो वर, चांगले मिळतील. पण पद्धत चुकली होती असं निघालं तर ती पद्धत कुणाच्या सहीने चालली होती हे निघणार."

"कुणाच्या?"

सही त्याचीच. पाहुणा त्याचा. तो आल्यावर सफाईचे नियम पुन्हा बघायचं कामही त्याचंच होतं. "माझ्या लक्षातच आलं नाही रे," म्हणाला. "टाकीतलं सगळं मी हजार वेळा तपासलं. नळातून काय येतं हे बघायला मी कधी खाली उतरलोच नाही."

हे त्याने खरं सांगितलं, वहिनी. त्या वेळी मला त्याची दया आली. मी गप्प बसलोही असतो. कदाचित फडक्याचं खोटंही बोललो असतो, देव जाणे. माझा भाऊ आहे तो. आई गेल्यावर माझे दप्तराचे पट्टे त्यानेच शिवले.

मग मी विचारलं, "कधी लक्षात आलं मग? परवा मी जेवताना विचारलं तेव्हा?"

"हो," तो म्हणाला. आणि पाठोपाठ, जणू तोंडातून निसटलं, "म्हणजे शंका होती. टिल्लूच्या वेळी."

नळ ठिबकत होता तो ऐकू यायला लागला.

आता मी ते लिहितो जे सोमवारी लिहिता आलं नाही. आठव वहिनी. दादा दौऱ्यावर गेला की टिल्लू रात्रभर शांत झोपायचा. दादा परत आला, त्याला उचलून खांद्यावर घेतलं, की खोकला सुरू. आपण दोघं हसायचो. म्हणायचो, लबाड आहे, बापाला बघून लाडात येतो. तो त्याच्या कोटाला नाक घासायचा ना, ते. मी कारखान्यातच कपडे बदलून घरी यायचो, दादा मात्र त्याच कोटात.

दादाने ते आपल्या आधी जुळवलं. तुझ्या आईच्या गुडघ्यांचं निमित्त त्याने काढलं. तिकिटं त्याने आणली. "हवापालट होईल पोराला," म्हणाला आणि स्टेशनवर त्याने टिल्लूला उचलून घेतलं नाही, लांबूनच हात हलवला. मी तेव्हा म्हणालो होतो, काय कोरडा माणूस आहे. तो कोरडा नव्हता. तो पोराला जपत होता.

"मला खात्री नव्हती," तो मंगळवारी म्हणाला. "नुसती शंका. शंकेवर उत्पादन कसं थांबवणार? वर काय सांगणार?"

"शंकेवर टिल्लूला हलवलंस."

"तो माझा मुलगा आहे!"

"आणि ती?"

वहिनी, ती कुणाची आहे, हे तो विसरला नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. एवढे दिवस ती आणि मी, आणि त्याला तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी ती सफाई होती. तुम्ही गेलात त्यानंतरही ती रोज आत जात होती, रोज एक ठोका द्यायची, आणि मी सोडायचो. त्या दिवसांत त्याने एकदा जिना उतरून "आजपासून गार पाणी" एवढे तीन शब्द सांगितले असते तर.

मी त्याच्या अंगावर हात उगारला. टाकला नाही. हे माझ्याबद्दल तुला खोटं वाटेल. पण त्याने हात आडवासुद्धा केला नाही, नुसते डोळे मिटले, आणि मला मारता येईना.

काल मी तिच्या गल्लीत गेलो. घरी आणलंय तिला. वर गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो, वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत नाही ना हे थुंकी लावलेलं बोट वर करून पाहिलं. हसशील, पण पाहिलं. खिडकीशी तिची आई होती, तिने आत काहीतरी सांगितलं. मग ती आली. तिच्या हातात कप होता. वाफ दिसत होती कपातून. ती कपाकडे बघत तशीच थांबली, चहा आपला आपण निवायची वाट बघत.

मी हात हलवला. ओरडून बोलायचं होतं, पण काय ओरडणार रस्त्यावरून, आणि तिने उत्तर द्यायला गेलं तर दम लागेल. तिने कप ठेवला, चमचा घेतला आणि खिडकीच्या गजावर वाजवला. एक. दोन. मी तिसऱ्याची वाट बघत होतो. मला वाटलं, तीन देईल आणि हसेल, आणि मग सगळं होतं तिथे येईल. तिने चमचा खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा दोनच. आणि आत गेली.

रात्रभर त्याचा विचार केला. "येऊ नकोस" असंही असेल. तो तिचा हक्क आहे. पण आमच्या ठोक्यांत दोनचा अर्थ एकच आहे, आणि तो आम्ही दोघांनी मिळून रोज पाळला आहे. बंद कर.

म्हणून मी आज सगळं सांगणार. वाफ किती, कुणी सोडली, कुणाच्या पद्धतीने, फडकं कसं ओलं व्हायचं ते. मी जास्त सोडायचो तेही. नवीन मुलगी आत्ता आत आहे आणि तिलाही खोकला आहे, हे सगळ्यात आधी. दादाचं काय होईल ते मला दिसतंय. त्याची नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही. हे घर त्या नोकरीचं आहे, तेही जाईल. तुझ्या डोक्यावरचं छप्पर मी काढतोय, वहिनी. तू मला या घरात वाढवलंस आणि मी हे करतोय. टिल्लूच्या वेळी तो माझ्याशी किंवा तुझ्याशी एक शब्द बोलला असता, तर मी आज गप्प बसलो असतो का, ते मला खरंच माहीत नाही.

त्याला सोड असं मी लिहीत नाही. ते तुझं आहे. पण शनिवारी येऊ नकोस, आणि टिल्लूला तर आणूच नकोस. तिथल्या डॉक्टरांना सांग की बाप एन्झाइमच्या कारखान्यात आहे, धुण्याच्या पावडरीतलं. म्हणावं, तपासून बघा. तसं नसेलही. असेल तर मात्र लहान आहे तोवर लांब राहू दे. दादा तुम्हाला भेटायला आला तर नव्या कपड्यांत येऊ दे. आणि आलाच, तर टिल्लूला त्याच्याकडे जाऊ दे. त्याचे हात रिकामे आहेत, खूप दिवसांपासून.

घर मी पुसलं आहे. ओल्या फडक्याने, गार पाण्याने. तुमची अंथरुणं पिशव्यांत बांधून बाहेरच्या खोलीत ठेवलीत, उघडू नका. माझे सगळे कपडे त्यांच्याबरोबरच बांधले. गार पाण्याने आंघोळ केली, दात वाजेपर्यंत, डोकं तीनदा धुतलं. मग माळ्यावरची पेटी काढली. कारखान्याचं वारंही न लागलेली एकच गोष्ट या घरात होती: कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट. पोटावरची दोन बटणं लागत नाहीत. बाही वर सरकते. आरशात बघून स्वतःचं हसू आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वा! आता जा आणि नीट शिक."

जबानी झाली की त्या गल्लीत जाणार आहे. पलीकडच्या बाजूलाच उभा राहीन. ती खिडकीशी आली तर आली.

किल्ली फुंकरच्या शेजारच्या शिंपीणबाईंकडे देतो, त्या माझ्या ओळखीच्या झाल्यात. पाकीट माझ्या हातात आहे, पोस्टाच्या पेटीत टाकतो. खिडक्या लावल्या, गॅस बंद केला. मुख्य नळ बंद केला. निघालो. दार बाहेरून ओढून घेतो, आणि कडी लागली की नाही ते दोनदा बघतो.

तुझ्या हाताखाली वाढलेला,
भडकू